जोड-ट्रॉलीची पिन सारखी उडते? जाड पिन टाकण्याआधी हे तपासा

गळीत हंगाम सुरू होऊन पंधरा दिवस झाले की माझ्या शेडसमोर एकाच तक्रारीची रांग लागते. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, दोन्ही उसानं भरलेल्या, आणि मागच्या ट्रॉलीची टोचन-पिन वाकलेली, तुटलेली, नाहीतर गायबच. ड्रायव्हर हातात पिनीचा तुकडा घेऊन खाली उतरतो. "मालक, तिसऱ्यांदा तुटू लालीय. आता ह्याच्याहून जाड टाका." आधीच्या वेल्डरनं बत्तीस मिलिमीटरची काढून छत्तीसची टाकलेली असते. ह्याला आता चाळीसची हवी असते.

जाड पिनीनं ही तक्रार मिटत नाही. सुरुवातीची चार-पाच वर्षं मीही जाडच टाकत होतो. पिन टिकायची, पण महिन्याभरात तीच ट्रॉली परत यायची आणि पुढच्या ट्रॉलीचा मागचा आडवा चॅनल हुकासकट फाटलेला असायचा. म्हणजे शेकड्यातला खर्च आम्ही हजारात नेऊन ठेवत होतो.

आमचं शेड पूर्णेजवळ. वडील रेल्वेत कॅरेज-वॅगनचे फिटर होते, मीटरगेजच्या काळात. घरात जेवताना बफर, हुक आणि कपलिंगच्याच गोष्टी चालायच्या, आणि त्या मला तेव्हा अगदी कंटाळवाण्या वाटायच्या. एकदा अशीच फाटलेली चॅनल घेऊन ट्रॉली उभी होती. वडिलांनी चहाचा कप बोनेटवर ठेवला, हुकाच्या भोकात बोट फिरवलं आणि विचारलं, "हे भोक गोल होतं का अंड्यासारखं होतं?" अंड्यासारखंच झालं होतं. ते म्हणाले, "मग पिनीला काय शिव्या देता? जोड ओढल्यानं तुटत नाही, आपटल्यानं तुटतो." त्या दिवसापासून मी पिनीकडं कमी आणि जोडातल्या प्लेकडं, म्हणजे ढिलाईकडं, जास्त बघायला लागलो.

पिन फेकू नका, तिच्यावर सगळं लिहिलेलं असतं

तुटलेली पिन रस्त्याच्या कडेला भिरकावून दिली की निदान तिच्याबरोबर गेलं. ती घेऊन या. पुसून उन्हात धरली की निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

पिन धनुष्यासारखी वाकली असेल, तर हुकाच्या वरच्या आणि खालच्या पट्टीत अंतर फार आहे आणि मधली रिंग, म्हणजे मागच्या ट्रॉलीच्या दांडीची कडी, पातळ आहे. दोन्ही बाजूंनी घट्ट धरलेली पिन कातरायला प्रचंड जोर लागतो. मधे मोकळी जागा राहिली की तीच पिन काडीसारखी वाकते. इथं जाडी वाढवण्यापेक्षा रिंगेच्या वर-खाली वॉशर-प्लेटा टाकून मोकळी जागा भरणं स्वस्त पडतं आणि टिकतंही.

पिनीला मधोमध कंबर पडली असेल, म्हणजे एका अंगानं घासून चकचकीत खोबण झाली असेल, तर प्ले फार दिवसांपासून आहे.

तुटलेल्या तोंडाकडं नीट बघा. निम्मा भाग काळपट, गुळगुळीत, गंज धरलेला आणि उरलेला ताजा, चमकदार, खरबरीत दिसला, तर पिन आज तुटलेली नाही. तडा आधीच गेला होता, रोज थोडा थोडा वाढत होता, आज फक्त सुटला. सगळंच तोंड साखरेच्या दाण्यासारखं चमकत असेल, तर पिन ठिसूळ होती. असं बहुधा तेव्हा होतं, जेव्हा कुणीतरी जुन्या ट्रकच्या एक्सलचा तुकडा कापून पिन बनवलेली असते, किंवा कडक पोलादाच्या पिनीवर मुठीसाठी वेल्डिंग मारलेलं असतं. एक्सलच्या पिनीचं आपल्याकडं भारी कौतुक आहे. ती वाकत नाही, हे खरं. पण ती रिंग खाते आणि मग एक दिवस न सांगता तुटते. स्लॅबच्या सळईची पिन तर चुकूनही नको, तिच्या कंगोऱ्यांनी भोक कानशीसारखं घासलं जातं.

आणि पिन धडधाकट आहे पण जागेवरच नव्हती, रस्त्यात पडलेली सापडली, असं असेल तर हा आजारच वेगळा. ती तुटली नाही, वर सरकत सरकत निघून गेली. त्याबद्दल पुढं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात वाईट अपघात त्यातूनच होतात.

खडूची परीक्षा

हे कुणालाही दहा मिनिटांत करता येतं. जमीन सपाट बघा. मागच्या ट्रॉलीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. ट्रॅक्टर अगदी हळू पुढं घ्या, जोड ताणला गेला की थांबा. मागच्या दांडीवर खडूनं एक रेघ मारा, तिच्यासमोरच पुढच्या ट्रॉलीच्या हुकाच्या पट्टीवर दुसरी. आता ट्रॅक्टर हळू मागं, जोड दाबला जाईपर्यंत. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे तुमचा प्ले. ड्रायव्हर सीटवर असताना मधे कुणी उभं राहायचं नाही. गाडी बंद, हँडब्रेक वर, मग मोजायचं.

माझा हिशोब असा: नव्या जोडात तीन-चार मिलिमीटर चालतात, कारण ट्रॉलीला वळायला आणि डोलायला जागा हवीच. दहाच्या पुढं गेलं की हंगामातच काम काढा. माझ्याकडं आलेल्या ट्रॉल्यांमधे पंचवीस-तीस सर्रास निघतात. एकदा पन्नास निघाले, आणि तो ड्रायव्हर म्हणाला, "पहिल्यापासून असंच हाय की."

एवढ्याशा प्लेनं काय होतं

इथं थोडं गणित करतो, कारण ते केल्याशिवाय मालकाला पटत नाही.

मागची ट्रॉली उसासकट दहा टनांची धरा. डांबरी सपाट रस्त्यावर ती नुसती ओढत न्यायला दोन-तीनशे किलोचा जोर पुरतो. शेतातून, भुसभुशीत काळीतून काढताना टनभर. बत्तीसची साध्या लोखंडाची पिन दोन ठिकाणी कातरली जायला त्याच्या कैक पट जोर लागतो, कायमची वाकडी-तिकडी होण्याआधीच ती वीस-बावीस टन पेलते. मग एका टनाच्या ओढीनं ती तुटते कशी?

ती ओढीनं तुटतच नाही. ड्रायव्हर क्लच सोडतो, ट्रॅक्टर आणि पुढची ट्रॉली निघते, मागची अजून उभी आहे. समजा प्ले संपेपर्यंत पुढच्या ट्रॉलीनं सेकंदाला अर्धा मीटर वेग धरला. हा वेग म्हणजे माणूस चालतो त्याच्या निम्म्याहूनही कमी, काहीच नाही. आता दहा टनांना एका झटक्यात तेवढा वेग द्यायचा, आणि द्यायला जागा किती, तर लोखंड लोखंडावर आपटून जेमतेम पाच मिलिमीटर दबतंय. हिशोब केला तर तेवढ्या क्षणापुरता जोर पंचवीस टनांच्या घरात जातो. हाच धक्का पन्नास टनांच्या मालाला नाही, तुमच्या नेहमीच्या दहा टनांनाच बसतो, आणि फडापासून काट्यापर्यंत प्रत्येक गतिरोधकाला, प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक गिअरला बसतो.

तेच आपटणं पाचऐवजी चाळीस मिलिमीटरांत जिरवलं तर सरासरी जोर तीन टनांवर येतो. स्प्रिंगचा ताण दबत जाईल तसा चढतो, म्हणून शेवटी शेवटी दुप्पट धरा, सहा टन. तरी पंचविसाचे सहा झाले. पिनीला हात न लावता.

रेल्वेनं हे दुखणं कधीच भोगून टाकलंय

आपली ट्रॉली जोडायची पद्धत बघा: एक कडी, एक भोक, वरून टाकलेली पिन. अमेरिकेतल्या रेल्वेचे डबे एकोणिसाव्या शतकात हुबेहूब असेच जोडत. इंजिन डबा मागं ढकलत आणायचं, माणूस मधे उभा राहून हातानं कडी भोकात घालायचा आणि पिन सोडायचा. बोटं जाणं ही त्या नोकरीची खूणच होती. १८७३ साली एली जॅनी नावाच्या माणसानं एका कपलरचं पेटंट घेतलं. आपल्या दोन्ही हातांची बोटं आकड्यासारखी वाकवा आणि एकमेकांत अडकवा, तोच तो आकार. डबे एकमेकांवर येताच दोन्ही आकडे आपोआप मिटतात, आत एक लोखंडी लॉक स्वतःच्या वजनानं खाली पडतं आणि आकडा उघडू देत नाही. माणसाला मधे जावंच लागत नाही. १८९३ मधे तिथं कायदा झाला आणि आपोआप जुळणारे कपलर सक्तीचे झाले. आपल्या मालगाड्यांच्या वाघिणींना मधोमध जो जाडजूड लोखंडी पंजा दिसतो, तो ह्याच घराण्यातला.

आता त्या पंजात ट्रॉलीवाल्यानं शिकण्यासारखं काय आहे? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली म्हणजे वाकडं बोट, ज्याला नकल म्हणतात, ते मुद्दाम बाकीच्या कपलरपेक्षा कमजोर ठेवलेलं असतं. जोर हाताबाहेर गेलाच तर नकल तुटावा, कपलरचं धड किंवा वाघिणीची चासी नाही. नकल यार्डात बदलता येतो, चासी येत नाही. आपण जाड पिन टाकतो तेव्हा नेमकं ह्याच्या उलट करतो.

दुसरी, कपलरच्या मागं ड्राफ्ट गिअर असतो. रबराच्या पॅडचा किंवा घर्षणाच्या पाचरा आणि स्प्रिंगांचा गठ्ठा. ओढ आणि धक्का दोन्ही त्यातून जातात. नुसती स्प्रिंग का नाही? नुसती स्प्रिंग घेतलेला धक्का परत फेकते. पाचर आणि रबर त्यातला बराच भाग घासून, तापून संपवतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. ते आतलं लॉक स्वतःच्या वजनावर खाली असतं, मग गाडीच्या थरथरीनं ते हळूहळू वर नाही का चढणार? चढू शकतं. म्हणून आत एक छोटीशी आडकाठी असते. लॉक उचलायचं तर ते ठरलेल्या दांड्यानंच उचललं गेलं पाहिजे, थरथरीनं उसळलं तर ते त्या आडकाठीला अडतं. आणि लॉक पूर्ण खाली बसलंय की नाही हे बाहेरून दिसावं म्हणून खिडकी ठेवलेली असते. वडील म्हणायचे, जोडला म्हणून सांगू नका, बसलेला दाखवा.

प्ले किती महाग पडतो तेही रेल्वेकडूनच शिकावं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी यायची, आठवत असेल. सुरुवातीला दहा वाघिणी, नंतर पन्नास, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. पन्नास वाघिणींत एकोणपन्नास जोड. जोडामागं दोन सेंटीमीटर ढिलाई धरली तरी सगळी मिळून जवळपास मीटरभर होते. इंजिन निघालं की शेवटची वाघीण मीटरभर उशिरा निघते, आणि तिला तो झटका साठून मिळतो. म्हणून मालगाडीचा चालक आधी हलक्या हातानं सगळे जोड ताणून घेतो आणि मग जोर लावतो. प्रवासी डब्यांत हा खडखडाट चालत नाही, म्हणून नव्या एलएचबी डब्यांना जे कपलर असतात त्यांत आकड्यांमधला प्ले अगदी नावालाच ठेवलेला असतो, आणि अपघातात एक डबा दुसऱ्यावर चढू नये म्हणून बाजूला अडणीही असतात.

"पण थोडी ढील लागतेच की"

हा आक्षेप प्रत्येक जुना ड्रायव्हर घेतो आणि तो खोटा नाही. चिखलात दोन्ही ट्रॉल्या एकदम उचलायच्या तर ट्रॅक्टर जागेवर घुमतो. ढील असली की आधी पुढची निघते, मग मागची. वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर हेच करायचे. जड मालगाडी निघत नसली की आधी थोडं मागं दाबायचे, सगळे जोड सैल करायचे आणि मग एकेक वाघीण उचलत न्यायचे.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही ढील स्प्रिंगमधून घ्या, झिजलेल्या भोकातून नको. तीन-चार सेंटीमीटर दबणारा गठ्ठा तुम्हाला तीच सवलत देतो, फक्त शेवटी लोखंड लोखंडावर आपटत नाही.

दुरुस्ती, मी करतो तशी

भोक अंड्यासारखं झालं असेल तर वेल्डिंगनं भरून ग्राइंडरनं डोळ्याच्या अंदाजानं गोल करू नका. मीही केलंय, महिनाभर टिकतं. हुकाच्या दोन्ही पट्ट्या लेथवर मोठ्या बोअर करून आत बुश, म्हणजे बदलता येणारी नळी, ठोका. रिंगेतही बुश. बुश पिनीपेक्षा मऊ ठेवा म्हणजे झिजायचं काम बुश करेल, आणि पुढच्या हंगामाआधी फक्त बुश बदलायचे. पिन इएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) च्या बारची, लेथवर काढलेली, डोकं एकसंध. डोक्यासाठी वर वॉशर वेल्ड करायचा मोह टाळा.

रिंग फिरती घ्या. काळ्या रानात चाकोरी खोल असते. पुढची ट्रॉली डावीकडं कलते, त्याच वेळी मागची उजवीकडं. दांडीला पक्की वेल्ड केलेली रिंग असेल तर हा सगळा पीळ पिनीवर आणि चॅनलवर येतो. दांडीच्या तोंडाशी स्वतःभोवती फिरणारी रिंग बसवली की पीळ तिथंच सुटतो. आमच्याकडं चॅनल फाटण्याच्या निम्म्या केसेस ह्या पिळाच्या होत्या, झटक्याच्या नाही, हे मला फार उशिरा कळलं.

मग गठ्ठा. पुढच्या ट्रॉलीचा मागचा हुक चॅनलला सरळ वेल्ड न करता जाड शाफ्टवर बसवायचा. शाफ्ट चॅनलमधून आरपार, चॅनलच्या दोन्ही बाजूंना रबरी पॅड, दोन पॅडांच्या मधे लोखंडी प्लेट, शेवटी कॅसल नट आणि स्प्लिट पिन. पॅड दोन्ही बाजूंना हवेतच, कारण उतारावर मागची ट्रॉली ढकलते, तेव्हा धक्का उलटा येतो. नट नुसता टेकवून सोडू नका. पॅड चार-पाच मिलिमीटर दबेपर्यंत आवळा. सैल सोडलेला गठ्ठा म्हणजे आणखी एक प्ले. आणि चॅनलला आतून दोन गसेट, म्हणजे तिकोनी आधारपट्ट्या, मारून घ्या, एवढं उघडलंच आहे तर.

ग्रीसचं विचाराल तर नकलच्या आतल्या भागांना रेल्वेत तेल-ग्रीस चोपडत नाहीत. लावायचंच तर कोरडं ग्रॅफाइट. ओल्या ग्रीसवर धूळ बसते आणि त्याची घासपेस्ट होते. आपल्या काळ्या मातीला तर हे दुप्पट लागू. रोज पिन काढून, पुसून बोटभर ग्रीस लावणार असाल तर लावा. आठवड्यातून एकदा थापणार असाल तर न लावलेलं बरं.

पिन आपोआप वर का सरकते

ज्यांची पिन धडधाकट सापडली त्यांच्यासाठी हा भाग. आधी मागच्या ट्रॉलीचं नाक, म्हणजे दांडीचं पुढचं टोक, तपासा.

दुचाकी ट्रॉलीचं वजन एक्सलच्या जरा पुढं पडायला हवं, म्हणजे नाक खाली दाबून राहतं. पण ट्रॉली भरतात कशी? मागून शिडी लावून. टोळीतला माणूस डोक्यावर मोळी घेऊन चढतो, थकलेला असतो, मागंच टाकतो. भरत भरत मागचा भाग जड होतो आणि नाक हलकं. मग प्रत्येक खड्ड्याला नाक वर उडतं, रिंग पिनीला खालून ठोसे देते. सुतळीनं बांधलेली पिन असे किती ठोसे सोसेल? साधी परीक्षा: जोडण्याआधी भरलेल्या ट्रॉलीचं नाक एका माणसाला हातानं उचलता आलं, तर ती ट्रॉली रस्त्यावर काढू नका, चार मोळ्या पुढं सरकवा.

पण दुसरं टोकही आहे, आणि ते फारसं कुणी बघत नाही. मागच्या ट्रॉलीचं नाक पुढच्या ट्रॉलीच्या शेपटीवर बसतं. समजा नाकाचा भार सातशे किलो आहे, पुढच्या ट्रॉलीचा मागचा हुक तिच्या एक्सलपासून दोन मीटर मागं आणि तिचं स्वतःचं नाक साडेतीन मीटर पुढं. म्हणजे तिचं नाक चारशे किलोनं वर उचललं जातं. झोका खेळल्यासारखं. म्हणून पुढची ट्रॉली मागचीपेक्षाही थोडी पुढं भरायची. फार पुढंही नाही, नाहीतर चढावर ट्रॅक्टरच पुढून उचलतो.

उंचीही जुळवा. रेल्वेच्या ब्रॉडगेजवर कपलरची उंची रुळापासून रिकाम्याला जास्तीत जास्त ११०५ आणि भरलेल्याला कमीत कमी १०३० मिलिमीटर, एवढ्याच पट्ट्यात ठेवतात. आपल्याकडं एक ट्रॉली एका गावात बनलेली, दुसरी दुसऱ्या, हुकात वीतभर फरक. मग दांडी कायम तिरकी, आणि तिरकी दांडी प्रत्येक झटक्यात पिनीला वर किंवा खाली ढकलते.

आता आडकाठी. पिनीच्या खालच्या टोकाला भोक पाडून त्यात आर-क्लिप किंवा लिंच पिन टाका, तार आणि सुतळी नको. शिवाय वरून, हुकाच्या पट्टीला बिजागरीवर एक छोटी लोखंडी पट्टी बसवा. पिन टाकली की पट्टी तिच्या डोक्यावर पडते आणि बाजूच्या बोल्टनं अडकते. खालची क्लिप उसाच्या पाचटात अडकून निघालीच तरी पिन पट्टीला अडते. आणि पिनीचं खालचं दोन इंच टोक पिवळ्या रंगानं रंगवा. हुकाखाली पिवळं दिसलं की पिन पूर्ण उतरली. रात्री काट्यावर नंबर लागलेला असताना टॉर्च मारली की कळतं.

रेल्वेचा डबा सुटला तर ब्रेकच्या पाइपातली हवा जाते आणि दोन्ही तुकड्यांचे ब्रेक आपोआप लागतात. आपल्या ट्रॉलीला असलं काही नाही. म्हणून दोन साखळ्या, दांडीखालून फुलीसारख्या, चासीला अडकवलेल्या, हुकाला नाही. लांबी इतकीच की वळताना ताणू नये आणि पिन गेली तर नाक जमिनीला टेकू नये. नाक टेकलं की रस्त्यात रुततं आणि ट्रॉली आडवी होते. मागं लाल दिवे आणि रिफ्लेक्टर हे ह्या पोस्टचा विषय नाहीत, पण रात्री बंद पडलेल्या ट्रॉलीला मागून मोटारसायकल धडकते तेव्हा कारण कधी कधी हीच पिन असते.

आपोआप जुळणारा हुक करून बघितला

विचारणार असाल म्हणून आधीच सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी नकलसारखा स्वतःच मिटणारा हुक बनवला होता. तोंडाला नरसाळ्यासारखी वाट, दांडी आत शिरली की मागून स्प्रिंगचं लॉक. शेडमधे झकास चालला. पोरांनी व्हिडिओ काढले. फडात तिसऱ्या दिवशी लॉकमधे पाचट आणि ओली माती बसली, लॉक अर्धंच पडलं, आणि बाहेरून ते पूर्ण पडल्यासारखं दिसत होतं. नशीब, पाणंदीवरच सुटली, डांबरीवर नाही. खिडकी ठेवली नव्हती, हीच चूक. पुन्हा करेन तेव्हा आधी खिडकी करेन, मग हुक.

तोवर पिनच, पण हातानं भोक जुळवायचं नाही. माझ्या उजव्या करंगळीचं वरचं पेर असंच गेलंय, शेडमधेच, ट्रॅक्टर जेमतेम चार बोटं मागं सरकला तेवढ्यात. भोक जुळतंय का ते पहारीच्या टोकानं बघा. ड्रायव्हरला गाडी बंद करायला लावा, चावी स्वतःच्या खिशात ठेवा.

एवढं करूनही पिन तुटत असेल तर

मग ड्रायव्हरजवळ बसून एक खेप करा. मी बसलो तेव्हा दिसलं की गडी उतारावर ट्रॅक्टर न्यूट्रल करतो, ट्रॉल्या ढकलत येतात, सगळा जोड दाबला जातो, आणि खाली पूल आला की गिअर टाकून एकदम रेस देतो. त्या एका जागी, रोज, तीच पिन. न्यूट्रल बंद केलं आणि निघताना क्लच दोन टप्प्यांत सोडायला लावला, आधी जोड ताणू द्यायचा, मग जोर.

सुरुवातीला ज्याच्या पिनीबद्दल लिहिलं, त्या जोडीचं हे सगळं काम डिसेंबरात केलं, पिन परत बत्तीसचीच टाकून. मार्चमधे तो हंगाम संपायच्या आधी आला, खडू स्वतःच घेऊन आला होता. मागच्या जोडात पाच मिलिमीटर निघाले. मग त्यानं ट्रॅक्टर आणि पुढच्या ट्रॉलीमधला जोड मोजायला लावला. तिथं बावीस.

"हे ऊन जरा उतरू द्या," तो म्हणाला, "मग हेबी खोलू."